शिवारातली यंत्रं (भाग ११) : मागच्या चाकातून तेल गळतंय

कडवंचीच्या द्राक्षबागेत ब्लोअर ओढणारा छोटा ट्रॅक्टर असो, की अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीत झाडाखाली शिरणारा. त्याच्या मागच्या चाकांची आतली बाजू अधूनमधून वाकून बघावी. रिंगेवर ओलसर काळी माती चिकटलेली आणि टायरवर तेलाचे ओघळ दिसले, तर एक्सेलचं ऑईल सील गेलं असं समजा. द्राक्षवाल्यांनी हे काम ऑगस्ट-सप्टेंबरातच उरकावं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की ट्रॅक्टर एक दिवस उभा ठेवणंही परवडत नाही.

सील म्हणजे लोखंडी कड्यात बसवलेला रबरी ओठ. त्याच्यामागची बारीक गोल स्प्रिंग त्याला फिरत्या शाफ्टवर दाबून धरते. वस्तू स्वस्त, पण नवं सील टाकून महिनाभरात पुन्हा गळती लागल्याची तक्रार नेहमीचीच. लोक दुकानदाराला बोल लावतात. माझ्या मते अशा वेळी आधी एक्सेलला काय गुंडाळलंय ते बघावं. वेली बांधायची सुतळी, ठिबकची फाटकी नळी, मल्चिंग पेपरच्या पट्ट्या चाकाच्या आत जाऊन बसतात. काळ्या मातीचा चिखल वाळला की त्यांचा दगडासारखा वेढा होतो आणि तो सरकत सरकत ओठाखाली घुसतो. तो कापून काढल्याशिवाय नवं सील टिकायचं नाही.

दुसरं ठिकाण ब्रीदरचं. काम करताना एक्सेलच्या हौसिंगमधली हवा तापून फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. तिची वाट धुळीनं बुजली, की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. ब्रीदर डिझेलने धुवायला पाच मिनिटं लागतात, तरी तो सहसा कोणी उघडत नाही.

आता प्रत्यक्ष काम. जागा सपाट हवी, पुढच्या चाकांना दगड लावलेले हवेत. जॅकने उचलल्यावर हौसिंगखाली लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर चाक एकट्यानं काढायच्या फंदात पडू नये. चाक उतरवण्याआधी ते वर-खाली हलवून बघा. खटखट झाली तर बेअरिंगही गेलंय. मग तेल काढा आणि एक्सेल बाहेर घ्या. मधले शिम, म्हणजे पातळ चकत्या, जसे निघाले तसेच परत बसले पाहिजेत, कमी-जास्त करायचे नाहीत. काही मॉडेलांत बेअरिंग आणि कॉलर प्रेसने निघतात, ते काम वर्कशॉपचं.

जुनं सील काढलं की शाफ्टवर ओठ फिरायची जागा पुसून तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे आणि नवा ओठही तिथून गळणार. नव्या सीलवरचे आकडे, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, जुन्याशी ताडून घ्या. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवा, ओठाला ग्रीस लावा आणि सपाट लोखंडी पट्टी किंवा बसेल असा पाइप ठेवून चौफेर हळूहळू ठोका. तिरकं बसलेलं सील काढून फेकलेलं बरं.

काढलेलं तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर त्यात पाणी शिरलंय, ते पुन्हा भरू नका. ज्यांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात त्यांना पुस्तिकेत सांगितलेलंच तेल लागतं. ब्रेक कोरडे असतील आणि तेल लायनरपर्यंत गेलं असेल, तर लायनर बदलूनच ट्रॅक्टर रस्त्यावर काढा. दुसऱ्या बाजूचं सील कोरडं असेल तर त्याला हात लावायची गरज नाही.