कावीळ : जुनी समजूत आणि नवे संशोधन

उमरीसारख्या गावात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला कावीळ ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरी तळाला जातात, पहिला पाऊस गावातली घाण पाण्यात आणून सोडतो, आणि मग एखाद्या घरातल्या पोराचे डोळे हळदीसारखे दिसू लागतात. पुढचा क्रमही ठरलेला. तेल-तिखट बंद, उसाचा रस, ताक-भात, आणि पंचक्रोशीतल्या कुणा जाणत्याकडून गळ्यात माळ. माळ दिवसेंदिवस लांबत छातीवरून पोटापर्यंत येते आणि तेवढ्या अवधीत पोर खेळू लागते. ह्यात खोटे काहीच नाही. माळ लांबते हे खरे, पोर बरे होते हेही खरे. मात्र ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

माळेत ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत गुंफलेले असतात. काड्या सुकून बारीक झाल्या की फास सैल होतात आणि माळ वाढते. ती खुंटीवर टांगली तरी वाढेल. पोर का बरे होते, हे समजून घ्यावयाचे तर मात्र यकृताकडे वळले पाहिजे.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. त्या मोडल्या की एक पिवळे द्रव्य उरते. त्यास बिलिरुबिन म्हणतात. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकीत असते. यकृतास सूज आली की हे काम तुंबते आणि तो पिवळेपणा डोळ्यांत व लघवीत उतरतो. म्हणजे कावीळ हा रोग नव्हे, रोगाची खूण होय. धूर दिसला म्हणून आग कशाने लागली ते कळत नाही, तसेच हे.

सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी ए आणि ई हे दूषित अन्नपाण्यातून येतात. बी आणि सी हे रक्तातून, दूषित सुईतून, आणि विशेषतः बी हा बाळंतपणात आईकडून मुलास व शरीरसंबंधातूनही जातो. पहिल्या दोघांनी झालेली कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, कारण यकृताच्या अंगी स्वतःला सावरण्याची विलक्षण शक्ती आहे. १९३१ साली हिगिन्स व अँडरसन ह्यांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून टाकला, तरी उरलेला भाग थोड्याच दिवसांत वाढून पूर्ववत भरला. माळेचे यश ते हेच.

ह्या ई विषाणूच्या शोधात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणास ठाऊक नसावा ह्याचे आम्हांस नवल वाटते. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि सांडपाणी शहराच्या पाणीउपशाच्या जागेपर्यंत पोचले. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा सर्वांनी ती आजच्या ए प्रकारातली मानली. परंतु रोग्यांच्या रक्ताचे काही नमुने कुणी फेकून दिले नाहीत. जवळजवळ पाव शतकानंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन संशोधकांसह ते नमुने तपासले. १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ही साथ ए ची नव्हती, बी चीही नव्हती, कुणी तिसराच विषाणू होता. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू ह्यांनी काश्मीरच्या १९७८ च्या साथीवरून असेच अनुमान मांडले. १९८३ मध्ये बालायान नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने रोग्यांच्या मळाचा अर्क स्वतः पिऊन, स्वतःस कावीळ करून घेऊन, तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. असे धाडस कुणी करावे असे आम्ही म्हणणार नाही!

दरम्यान १९८१ साली कोल्हापुरात पाण्यातूनच साथ आली होती आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तिचाही अभ्यास केला. दिल्लीच्या साथीतच एक भयंकर गोष्ट नोंदली गेली होती, ती अशी की गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण इतरांहून पुष्कळ अधिक. अखेरच्या तीन महिन्यांत ई ची लागण झाल्यास शंभरातील वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. इतरांच्या बाबतीत आठ दिवस वाट पाहून निभावेल. गर्भार बाईच्या बाबतीत निभावेलच असे नाही.

बी आणि सी ह्यांची तऱ्हा निराळी. ते बहुधा डोळे पिवळे न करताच यकृतात ठाण मांडतात आणि वीस-तीस वर्षांनी यकृत निबर होते, किंवा कर्करोग होतो. बी ची लागण जन्माच्या वेळी झाली तर शंभरातील सुमारे नव्वद मुलांत ती कायमची राहते. मोठ्या माणसांत पाचांहूनही कमी. म्हणून लशीचा पहिला डोस बाळास चोवीस तासांच्या आत द्यावयाचा असतो. ही लस १९९७ साली शांता बायोटेक्निक्स ह्या कंपनीने हैदराबादेत, म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गाच्या दक्षिण टोकाजवळ, स्वस्तात तयार केली आणि परदेशी लशीची मक्तेदारी मोडली.

सी वर लस नाही, पण औषध आहे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर ही गोळी आली तेव्हा एका गोळीस हजार डॉलर पडत. पुढे भारतीय कंपन्यांना ती बनविण्याचा परवाना मिळून किंमत कोसळली. आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात, आणि २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषध सरकारी रुग्णालयांतून मोफत आहे. बी चे औषध मात्र विषाणूस दाबून ठेवते, समूळ काढीत नाही.

दारू व वाढती चरबी ह्यांनी यकृताचे काय होते ते आम्ही येथे सांगत बसत नाही. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. झाडपाल्याविषयी एवढेच सांगावेसे वाटते की २०२० मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदले. आयुष मंत्रालयाने ते मानले नाही. तरीही सुजलेल्या यकृतावर अनोळखी काढ्याचा भार घालणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

माळेबद्दल आमची तक्रार नाही. हौस असेल त्याने ती जरूर घालावी. पण त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, पाणी उकळून प्यावे, आणि घरातली बाई गर्भार असेल व तिचे डोळे पिवळे दिसले तर माळवाल्याच्या दारी न जाता थेट नांदेडची गाडी धरावी.