सेंट लुई : नदी आणि समुद्र यांच्या मधले शहर

डाकारहून उत्तरेकडे सुमारे अडीचशे किलोमीटर गेल्यावर, सेनेगल नदीच्या मुखाजवळ सेंट लुई हे शहर लागते. वोलोफ भाषेत त्याचे नाव ‘एनदार’. नदीतील अरुंद बेटावर फ्रेंचांनी १६५९ मध्ये येथे ठाणे उभारले. १८९५ ते १९०२ या काळात हे शहर फ्रेंच पश्चिम आफ्रिकेची राजधानी होते. पुढे राजधानी डाकारला गेली, शहराचे वैभव ओसरले आणि जुनी वस्ती बरीचशी मूळ रूपात टिकली. २००० मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मुख्य भूमीवरून बेटावर नेणारा लोखंडी फेदर्ब पूल १८९७ मधला आहे. पलीकडे आखीव रस्ते आणि सज्जांची दुमजली घरे दिसतात. पूर्वी तळमजल्यावर व्यापार चाले, वर मालकाचे बिऱ्हाड असे. हा व्यापार आधी मुख्यतः गुलामांचा आणि डिंकाचा होता. युरोपीय व्यापाऱ्यांशी संसार मांडून श्रीमंत झालेल्या येथील ‘सिन्यार’ स्त्रियांच्या घरीही गुलाम राबत. डिंकाच्या मोबदल्यात दिले जाणारे निळीत रंगवलेले कापड मात्र पुदुच्चेरीहून येई. एकोणिसाव्या शतकात नदीकाठी ते चलनासारखे चालत असे.

पर्यटक बहुधा बेटावरूनच परततात. खरे तर पश्चिमेकडील लहान पूल ओलांडून गेट एनदार ही कोळ्यांची वस्ती पाहायला हवी. लांब, रंगीत होड्या आणि दाटीवाटीची घरे वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर उभी आहेत. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला अटलांटिक महासागर. २००३ मध्ये पुराचे पाणी वाहून जावे म्हणून शहराच्या दक्षिणेस या पट्टीत अवघ्या चार मीटर रुंदीचा चर खणण्यात आला. पूर ओसरला, पण समुद्राने तो चर काही किलोमीटर रुंद केला. दून बाबा दिये हे गाव त्यात नाहीसे झाले. गेट एनदारच्या किनाऱ्यावरील घरेही लाटांनी पाडली असून अनेक कुटुंबांना किनाऱ्यापासून दूर हलवावे लागले आहे. होडी दारात ओढून ठेवणाऱ्या माणसाला असे स्थलांतर म्हणजे व्यवसायावरच घाला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ भेटीसाठी उत्तम. याच दिवसांत जवळच्या जुज राष्ट्रीय उद्यानात युरोपातून आलेल्या स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात. संगीतप्रेमींनी वार्षिक जॅझ महोत्सवाच्या तारखा आधी पाहाव्यात. वस्तीत छायाचित्रे घेण्यापूर्वी परवानगी विचारावी आणि शक्य तर स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. समुद्र कालपर्यंत कुठे होता, हे तोच नेमके दाखवू शकतो.