पासवर्ड मॅनेजर : सोय किती घ्यायची, कुलूप कुठे लावायचं?



धंदा छोटा असला तरी पासवर्ड किती असतात बघा. ईमेल, नेट बँकिंग, जीएसटी पोर्टल, इन्स्टाग्राम, ऑनलाइन विक्रीचं खातं. एवढे लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो. मग एखाद्या फालतू वेबसाइटवरून तो फुटला की चोर तोच ईमेलवर आणि बँकेवर लावून बघतात.

यावर उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर. तो प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड बनवतो आणि जपून ठेवतो. तुम्ही फक्त एक मास्टर पासवर्ड लक्षात ठेवायचा. आणखी एक फायदा आहे. बँकेसारखी दिसणारी खोटी साइट उघडली तर पत्ता जुळत नाही, म्हणून मॅनेजर पासवर्ड आपोआप भरत नाही. तो गप्प बसला की तिथेच थांबा आणि पत्ता नीट वाचा. म्हणजे इथे सोय हीच सुरक्षा आहे.

"पण सगळी अंडी एकाच टोपलीत?" शंका बरोबर आहे. 2022 मध्ये लास्टपास या नावाजलेल्या कंपनीतून ग्राहकांच्या तिजोऱ्यांची बॅकअप प्रत चोरीला गेली. आतले पासवर्ड एन्क्रिप्टेड होते. पण अशी प्रत हातात आली की चोर निवांतपणे मास्टर पासवर्डचा अंदाज लावत बसू शकतो. म्हणजे टोपली किती मजबूत, हे तुमच्या मास्टर पासवर्डवर ठरतं. दुकानाचं नाव आणि 123 चालणार नाही. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडा आणि तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका.

आता सोय किती घ्यायची? दुकानात आपण गल्ला आणि तिजोरी वेगळी ठेवतो ना, तसंच करा.

गल्ला : सप्लायरच्या साइट्स, डिझाइनचं ॲप, कुरिअरचं खातं. इथे ऑटोफिल बिनधास्त वापरा.

तिजोरी : ईमेल, बँक आणि स्वतः पासवर्ड मॅनेजर. जिथे मिळेल तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. ईमेल सर्वांत महत्त्वाचा, कारण बहुतेक खात्यांचा पासवर्ड त्यावरूनच बदलता येतो. यूपीआय पिन मात्र कुठेच साठवू नका, तो डोक्यातच ठेवा.

काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे खास लक्ष द्या. तिथल्या ब्राउझरमध्ये तुमचं खातं कायम लॉगिन असेल, तर खुर्चीत बसणारा कोणीही तुमच्या नावाने आत जाऊ शकतो. स्टाफसाठी वेगळं युजर खातं करा आणि मॅनेजर पाच मिनिटांत आपोआप लॉक होईल असं सेटिंग ठेवा. पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. माणूस काम सोडून गेला की त्याला माहीत असलेले पासवर्ड त्याच दिवशी बदला.

शेवटचं, पण महत्त्वाचं. बिटवॉर्डनसारख्या मॅनेजरमध्ये मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनीसुद्धा तो सांगू शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. म्हणून मास्टर पासवर्ड आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहा, पाकीट बंद करा आणि घरच्या कपाटात कागदपत्रांसोबत ठेवा. घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवा. उद्या तुम्ही आजारी पडलात तरी धंदा अडणार नाही.

सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. आज फक्त ईमेलचा पासवर्ड बदला आणि टू-स्टेप चालू करा. बाकीची खाती रोज दोन-दोन घ्या. झालं की कमेंटमध्ये नक्की सांगा!