केसपेपरवरचा माणूस

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाताई निंबकरांनी व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) शाळा काढली. आशियातली ती पहिलीच. कमलाताई जन्माने अमेरिकन, क्वेकर पंथातल्या; लग्न करून इकडच्या झाल्या. दोनच वर्षांनी या विषयाचा जागतिक महासंघ उभा राहिला, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. इतकी दमदार सुरुवात झालेल्या या शाखेने बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाकडे पुढे कसं पाहिलं, हे तपासू लागलं की थोडं ओशाळायला होतं.

सुरुवातीला तो फारसा नजरेतच नव्हता. पोलिओची मुलं आणि अपघातात हातपाय गमावलेले यांतूनच सवड मिळत नसे. १९१२च्या कायद्याने तर त्याला सरसकट वेड्यांत मोजलं होतं. मनोविकाराच्या व्याख्येतून त्याला बाहेर काढणारा कायदा १९८७ साली आला आणि अमलात यायला १९९३ उजाडलं. दरम्यान आयाच पुढे सरसावल्या होत्या. मुंबईत जय वकील यांनी आपल्या मुलीच्या गरजेतून १९४४ सालीच विशेष शाळा सुरू केली होती. व्यवसायोपचारवाले अशा शाळांत पोचले ते बरंच नंतर.

पोचले ते मोजपट्टी घेऊन. एडगर डॉल यांनी न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत १९३५ साली सामाजिक परिपक्वतेची श्रेणी तयार केली होती. तिची भारतीय आवृत्ती डॉ. मॅलिन यांनी आपल्या नागपुरात केली. तिच्यात ८९ बाबी आहेत: हाताने जेवतो का, गुंड्या लावतो का, शेजारी एकटा जातो का. चाचणी घेणारे बहुतेकदा मानसशास्त्रज्ञ, पण त्यांच्या अहवालावरच आमची, व्यवसायोपचारवाल्यांची, उद्दिष्टं ठरत आली. ही श्रेणी पंधराव्या वर्षापाशी संपते. मग चाळिशीच्या गृहस्थाच्या केसपेपरवर ‘सामाजिक वय ६ वर्षे’ असं पडतं, आणि एकदा ते पडलं की सगळं त्या सहाच्या मापाने शिवलं जातं. दाढीमिशा असलेल्या माणसापुढे रंगीत मणी येतात, भोकांच्या पाटीत खुंट्या बसवायला दिल्या जातात, ‘शाब्बास बाळा’ ऐकू येतं. सहा वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षांचा अनुभव नसतो, एवढी साधी गोष्ट त्या आकड्यात मावत नाही.

मद्रासची १९७५ची मूल्यमापनाची पद्धत त्या मानाने शहाणी होती. ३६० कौशल्यं, आणि प्रत्येकाची मांडणी माणूस काय करतो अशी; काय करत नाही, अशी नव्हे. विशेष शिक्षकांनी ती उचलली. आम्ही स्नायूंची ताकद आणि बोटांची पकड मोजत राहिलो.

मग अशा माणसांना काम देणाऱ्या कार्यशाळांचा काळ. पाकिटं, मेणबत्त्या, राख्या, रंगवलेल्या पणत्या. दिवाळीआधी प्रदर्शन, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन, माहितीपत्रकावर हसरा चेहरा आणि हातात पणती. या कार्यशाळांना नुसतं हसणं सोपं आहे. मुलगा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो, हे त्या घराला किती मोठं असतं, ते त्या घरालाच माहीत. पण त्या फोटोंत कोणी कधी वैतागलेला दिसला नाही, पैसे मोजताना तर नाहीच. महिन्याच्या शेवटी हातावर पडायचं त्यालाही विद्यावेतन म्हणायचे. पन्नाशीतला विद्यार्थी!

बाहेर मात्र हवा पालटत होती. अमेरिकेतल्या बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या संघटनेने १९९२ साली बुद्ध्यांकाच्या पायऱ्या बाजूला सारून माणसाला किती आणि कसला आधार लागतो यावर व्याख्या बेतली. २००१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने सहभाग आणि परिसर यांना जागा दिली. आपल्याकडे २०१६चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आला. परिषदांतल्या निबंधांत ही भाषा ताबडतोब उतरली, बाह्यरुग्ण विभागात फार कमी. तिथे येणाऱ्या कुटुंबाला बहुधा आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं असतं, आणि प्रमाणपत्राला टक्के हवे असतात.

खरी कसोटी लागते ती कॅनडातून १९९१ साली आलेल्या एका मुलाखतवजा साधनाने. त्यात उपचार घेणाऱ्यालाच विचारायचं असतं: रोजच्या आयुष्यात तुला काय जमायला हवंय, ते तुझ्यासाठी किती महत्त्वाचं, दहापैकी सांग. विचार उत्तम. पण आपल्याकडे प्रश्न मुलाला विचारला की उत्तर आई देते. तिचं उत्तर खोटं नसतं. त्यामागे ‘आमच्यामागे याचं कसं होणार’ ही धास्ती असते. म्हणून तिला हवी असते बँकेपुरती सही आणि गॅस बंद करता येणं. त्याला कदाचित कोपऱ्यावरच्या टपरीवर एकट्याने जाऊन चहा प्यायचा असेल. ते कळायला दहापैकी गुण चालत नाहीत. चित्रं दाखवावी लागतात, दोन-तीन ठिकाणी सोबत जावं लागतं, आणि आईंना जरा वेळ बाहेरच्या बाकावर बसा म्हणावं लागतं. रांग लागलेल्या ओपीडीत एवढा वेळ कुणाकडे असतो? तेव्हा उद्दिष्टांच्या रकान्यात सही आणि गॅस जातात, चहा राहून जातो.