ठोसा हनुवटीवर, मोड कानाजवळ
हनुवटीवर ठोसा बसला, की जबडा पुष्कळदा मोडतो तो कानापुढच्या सांध्याखाली, हाडाच्या बारीक मानेशी. असं का, हे जिवंत माणसावर तपासणार कसं? म्हणून संगणक. सीटी स्कॅनवरून जबड्याची त्रिमितीय प्रतिकृती करतात आणि तिचे हजारो-लाखो चिमुकले तुकडे पाडतात. बाहेरचं हाड टणक, आतलं जाळीदार. त्यानुसार प्रत्येक तुकड्याला कडकपणा द्यायचा, मग आघात करून ताण मोजायचा. हाड दाब सोसतं, ओढीला मात्र लवकर हार खातं, म्हणून ओढ कुठे पडली ते आधी पाहावं. अक्कलदाढ आत अडकलेली असेल, तर जबड्याचा कोपराही कमजोर. मानेशी मोडणं एका परीनं बरंच, नाहीतर धक्का थेट कवटीच्या तळाला! खरी पंचाईत स्नायूंची: दात आवळलेले होते की तोंड उघडं, यावर उत्तर बदलतं.