डी अँड डीमध्ये अस्वल झालं की जीव किती वाढतो?

भडगावात मित्र जमवून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताय? मग ड्रुइडवर लक्ष ठेवा.

२०१४च्या नियमांत ‘मून’ ड्रुइड दुसऱ्याच लेव्हलला तपकिरी अस्वल व्हायचा. अस्वलाचे ३४ हिट पॉइंट्स वेगळे. ते संपले की मूळ रूप परत, स्वतःचे पॉइंट्स बहुतेक तसेच. छोट्या विश्रांतीआधी असं दोनदा, म्हणजे ६८ची ढाल! त्याच लेव्हलच्या फायटरकडे जेमतेम २०च्या आसपास. मग मार झेलायला फायटर हवाच कशाला?

२०२४चे नियम बहुरूप्यासारखे आहेत: सोंग बदललं तरी जीव तोच. वर फक्त लेव्हलइतके तात्पुरते पॉइंट्स, मूनला तिप्पट.

स्वतःचे नियम बनवताना हेच बघा. रूप बदलून उडता, पोहता येऊ द्या. पण दुसऱ्या खेळाडूचं काम हिरावू नका.