खारी (बेकरी पदार्थ)

खारी हा मैदा, स्निग्ध पदार्थ, मीठ व पाणी यांपासून भट्टीत भाजून केलेला, अनेक पापुद्र्यांचा कुरकुरीत पदार्थ आहे. महाराष्ट्र व गुजरातमध्ये तो प्रामुख्याने चहाबरोबर खाल्ला जातो. घड्या घालून पदर सोडवण्याचे त्याचे तंत्र युरोपीय ‘पफ पेस्ट्री’चे आहे. फ्रान्समध्ये कॉफीबरोबर खाल्ला जाणारा क्रोसाँ हा याच तंत्राने होणारा, परंतु यीस्ट घालून फुगवलेला पदार्थ होय. एकेकाळी महाराष्ट्रातील सनातनी समाज बेकरीतील पदार्थ वर्ज्य मानत असे. आज खारी सर्व जातिधर्मांच्या घरांत नित्याच्या न्याहारीचा भाग आहे.

नाव व प्रकार

खारट चवीवरून ‘खारी’ किंवा ‘खारी बिस्किट’ हे नाव पडले. साधी, जिरे घातलेली, ओवा घातलेली व मसाला खारी हे प्रचलित प्रकार आहेत. वरून साखर भुरभुरलेली गोड खारीही मिळते. बेकरीतील पॅटिस याच पिठाचे करतात. त्यात बटाट्याचे किंवा अन्य सारण भरलेले असते. टोस्ट व बटर हे खारीसोबत विकले जात असले तरी ते यीस्टच्या पिठाचे पदार्थ असून त्यांना असे पापुद्रे नसतात.

कृती व शास्त्र

मैद्यात मीठ व पाणी घालून पीठ मळतात व काही वेळ मुरू देतात. नंतर ते लाटून त्यावर स्निग्ध पदार्थाचा थर देतात, घडी घालतात आणि पुन्हा लाटतात. तीन पदरी घडी सहा वेळा घातल्यास स्निग्ध पदार्थाचे ७२९ थर होतात. प्रत्यक्षात घड्यांची संख्या बेकरीगणिक बदलते. दोन घड्यांच्या दरम्यान पिठाला विश्रांती देणे आवश्यक असते, अन्यथा ते आखडते व लाटताना फाटते.

खारीत यीस्ट किंवा सोडा नसला तरी ती फुगते. भट्टीच्या उष्णतेने पिठातील पाण्याची वाफ होते. वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे सोळाशे पट असल्याने ती पिठाचे थर वर उचलते. थरांमधील स्निग्ध पदार्थ त्यांना एकमेकांस चिकटू देत नाही. फुगल्यानंतर मंद आचेवर उरलेला ओलावा काढून टाकतात. त्यामुळे खारी बंद डब्यात बरेच दिवस कुरकुरीत राहते.

मराठी स्वयंपाकघराला हे तत्त्व नवे नाही. चिरोट्यांमध्ये पोळ्यांच्या मध्ये तूप व तांदळाच्या पिठाचा साटा लावून पदर सोडवतात. चिरोटे तळले जातात, तर खारी भाजली जाते.

युरोपीय परंपरा

घड्यांच्या पिठाच्या कृती युरोपात सतराव्या शतकातील पाककलाग्रंथांत आढळतात. ऑस्ट्रियातील ऑगुस्ट झांग याने १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी उघडली. तेथील ‘किप्फर्ल’ या चंद्रकोरीच्या आकाराच्या पावावरून पुढे क्रोसाँ विकसित झाला. अशा पदार्थांना फ्रेंच भाषेत आजही व्हिएन्नाच्या नावावरून ‘व्हिएन्वाझरी’ म्हणतात.

युरोपात गेलेल्या मराठी प्रवाशाला क्रोसाँमध्ये खारीची ओळख पटते, मात्र दोहोंत भेद आहेत. क्रोसाँ लोण्याचा, आतून मऊ असतो व त्याच दिवशी खाल्ला जातो. खारी पूर्ण कोरडी व टिकाऊ असते. लोणी उष्ण हवेत लवकर वितळते व ते महागही पडते. त्यामुळे येथील बेकऱ्यांत वनस्पती तूप किंवा मार्गारीन रूढ झाले. बुडवून खाण्याची रीत मात्र दोन्हीकडे आहे. फ्रान्समध्ये क्रोसाँ सकाळच्या दुधाळ कॉफीत बुडवतात, तर महाराष्ट्रात खारी चहात.

वर्ज्यतेकडून स्वीकाराकडे

भट्टीत भाजलेला पाव पोर्तुगिजांमुळे पश्चिम किनाऱ्यावर रुजला. तो ख्रिश्चन व मुसलमान बेकरीवाल्यांच्या हातचा असल्याने एकोणिसाव्या शतकात सनातनी हिंदू तो खाणे म्हणजे धर्म बुडवणे मानत. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग व सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या परमहंस सभेत जातिभेद त्यागल्याची खूण म्हणून नव्या सभासदास ख्रिश्चनाने भाजलेला पाव खावा लागे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील कार्यक्रमात पाहुण्यांना चहा-बिस्किटे देण्यात आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक व गोपाळ कृष्ण गोखले तेथे उपस्थित होते. उपस्थितांची नावे प्रसिद्ध झाल्यावर ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले व अनेकांवर प्रायश्चित्ताची वेळ आली.

ही वर्ज्यता सैल होण्यात शहरातील सार्वजनिक उपाहारगृहांचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या यझ्द व केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी मुंबई व पुण्यात हॉटेले व बेकऱ्या काढल्या. मुंबईतील कयानी अँड कंपनी (१९०४), ससानियन बूलांजरी (१९१३) व बी. मेरवान (१९१४) आणि पुण्यातील कयाणी बेकरी (१९५५) ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. या हॉटेलांच्या नावांत ‘कॅफे’ असला, तसेच वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या व संगमरवरी टेबले युरोपीय कॉफीगृहांची आठवण करून देत असली, तरी मुख्य पेय दुधाचा चहाच राहिले. त्याच्या जोडीला ब्रुन मस्का, मावा केक व खारी असे. एकाच टेबलावर कारकून, कामगार, विद्यार्थी बसत आणि शेजारी कोण बसला आहे याची विचारणा होत नसे.

ग्रामीण भागातील प्रसार

कोरडी व टिकाऊ असल्याने खारी भट्टीपासून दूर पोहोचू शकली. बेकरी नसलेल्या गावांतही ती किराणा दुकानात पाकीटबंद व चहाच्या टपरीवर काचेच्या बरणीत मिळते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांतील रस्त्यांवरही चहा-खारी ही परिचित जोडी आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे येथून नाणेघाट चढणाऱ्या गिर्यारोहकांसाठी ती हलकी, न शिजवता खाता येणारी शिदोरी ठरते. मात्र पाठपिशवीत तिचा चुरा होतो. हा चुराही वाया जात नाही. तो चहात घालून चमच्याने खाल्ला जातो.

सद्यस्थिती

खारीसमोर सध्या दोन प्रश्न आहेत. पहिला स्निग्ध पदार्थाचा. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट हृदयविकाराचा धोका वाढवतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्यांचे प्रमाण कमाल दोन टक्क्यांवर आणले. दुसरा प्रश्न भट्टीचा. हवेच्या प्रदूषणामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातील लाकूड व कोळशावरील भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य हरित इंधनावर नेण्याचे निर्देश दिले. जुन्या विटांच्या भट्ट्या बदलण्याचा खर्च छोट्या बेकऱ्यांना जड जातो. दुसरीकडे, धुराचा त्रास आसपासच्या रहिवाशांना व भट्टीपुढे काम करणाऱ्या कारागिरांना होतो. अनेक जुनी इराणी हॉटेले याआधीच बंद झाली आहेत. खारी मात्र यंत्रावर तयार होऊन दुकानांतून विकली जात आहे.